‘हुशार आहे, परंतु…’ : राज्यातील मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षकांना खुले पत्र

सन्माननीय मुख्याध्यापक आणि शिक्षक बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

मी गेली १९ वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि माझी मुलगी यंदा नववीत आहे. गेल्या वर्षी तिचे आठवीचे प्रगतिपुस्तक हाती आले, तेव्हा वर्गशिक्षकांच्या शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिले होते, ‘अत्यंत हुशार आहे, परंतु निष्काळजी. मनावर घेतल्यास अग्रस्थानी येईल.’ या शेऱ्याचा मला राग आला नाही, कारण तो मला तोंडपाठ होता. हेच वाक्य मी स्वतः थोड्याफार फरकाने किती मुलांच्या प्रगतिपुस्तकात लिहिले असेल, याची मोजदाद माझ्याकडे नाही. त्याच महिन्यात आमच्या मुलीला एडीएचडी, म्हणजे अवधान टिकवण्याची आणि स्वतःला आवरण्याची मेंदूविकासाशी निगडित अडचण असल्याचे बालमानसोपचारतज्ज्ञांनी निश्चित केले होते आणि बुद्धिमापनाचा अहवालही घरी आला होता. शेरा आणि अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचताना, शिक्षक म्हणून माझे काय वाचायचे राहून गेले होते, ते मला प्रथमच दिसले.

आधी त्या मुलीविषयी थोडे सांगते, कारण अशी मुलगी किंवा असा मुलगा आपल्याही वर्गात बसलेला असण्याची शक्यता बरीच आहे. आठवीच्या चलनाच्या प्रकरणात ‘१५ मजूर एक काम ८ दिवसांत करतात, तर २० मजूर तेच काम किती दिवसांत करतील’ असे उदाहरण आले की ती वाचता वाचताच ‘६’ असे उत्तर लिहून मोकळी होते. व्यस्त चलन, स्थिरांक १२०, समीकरण यांतले काहीही कागदावर येत नाही आणि पायऱ्यांचे गुण जातात. आपण तिला पायऱ्या लिहायला बसवले, तर तिसऱ्या ओळीतील उणे चिन्ह चौथ्या ओळीत अधिक होते आणि मनात बरोबर आलेले उत्तर कागदावर चुकते. मी स्वतः पेपर तपासताना अशा चुकीभोवती लाल वर्तुळ करून ‘धांदरटपणा’ असे लिहीत आले आहे. प्रत्यक्षात घडते ते असे, की एक ओळ लिहीत असताना पुढची ओळ मनात धरून ठेवण्यासाठी जी कार्यकारी स्मृती लागते, तिची तिच्याजवळ ओंजळभरच जागा आहे. विचार मात्र घागरीने येतात.

बाकीचा तपशील आपल्या ओळखीचा असेल. एका सत्रात तीन कंपासपेट्या हरवतात. गृहपाठ पूर्ण केलेला असतो, पण वही घरी राहते, आणि वही दप्तरात असते त्या दिवशी ती बाईंकडे द्यायची राहते. इतिहासाचा प्रकल्प तीन आठवडे मनात रंगत असतो आणि आदल्या रात्री साडेदहाला कार्डशीट आणायची आठवण होते. शिक्षकांनी एका दमात चार सूचना दिल्या, तर पहिली आणि चौथी पोहोचते. आणि हीच मुलगी ग्रहणांचे गणित समजून घेण्यासाठी रविवारी सलग चार तास जेवणाची हाक न ऐकता बसलेली असते.

हे चार तास शाळेत तिच्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा ठरले. ‘आवडीच्या गोष्टीत लक्ष लागते ना, मग अभ्यासात का लागत नाही? म्हणजे हा प्रश्न इच्छेचा आहे,’ असे मला सांगण्यात आले, आणि एकेकाळी मीही इतर पालकांना हेच सांगितले आहे. एडीएचडी या नावामुळे लक्षाचा तुटवडा असतो असा समज होतो, परंतु खरी अडचण लक्ष कुठे, केव्हा आणि किती वेळ द्यायचे हे ठरवून अमलात आणण्याची असते. स्वारस्य, नावीन्य किंवा डोक्यावर येऊन ठेपलेली मुदत यांपैकी काही असेल, तर गाडी सुरू होते. केवळ ‘हे महत्त्वाचे आहे’ एवढ्या जाणिवेवर ती सुरू होत नाही, मग ती जाणीव कितीही प्रामाणिक असो. आळशी मूल काम टाळून निवांत असते. माझी मुलगी न झालेल्या गृहपाठासमोर बसून रडत असे.

निदान कोणी वरवर करत नाही, हेही सांगायला हवे. मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या निकषग्रंथात अनवधानाची ९ आणि अतिचंचलता-उतावीळपणाची ९ अशी १८ लक्षणे दिलेली आहेत. मुलांमध्ये दोहोंपैकी एका गटातील किमान ६ लक्षणे किमान ६ महिने टिकलेली असावी लागतात, त्यांतील काही १२ वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात आणि ती घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी आढळावी लागतात. जगभरातील पाहण्यांचा ढोबळ निष्कर्ष असा, की शालेय वयातील सुमारे ५ टक्के मुलांमध्ये ही अडचण असते. म्हणजे ६० मुलांच्या तुकडीत तीन. त्या तिघांपैकी एक बाकावरून उठून फिरतो म्हणून आपल्याला माहीत असतो. खिडकीतून बाहेर बघत शांत बसलेली मुलगी कोणाला त्रास देत नाही, आणि म्हणूनच मुलींचे निदान पुष्कळदा उशिरा होते. माझी मुलगी माझ्याच घरात होती, मी शिक्षिका होते, आणि तरीही आठ वर्षे गेली.

आता त्या अहवालाकडे येते. त्यात तिचा शाब्दिक आकलनाचा निर्देशांक १३८ आणि माहितीवर प्रक्रिया करण्याच्या वेगाचा निर्देशांक ९१ आहे. पहिल्या आकड्याचा अर्थ असा, की तिच्या वयाच्या १०० मुलांपैकी साधारण ९९ मुले तिच्या मागे आहेत; दुसऱ्याचा अर्थ असा, की त्याच १०० मुलांपैकी ७० हून अधिक मुले तिच्या पुढे आहेत. अशा आकड्यांचा एकच एकत्रित बुद्ध्यंक काढला, तर तो ‘सामान्यापेक्षा बरी’ असे काहीतरी सांगतो आणि त्यात ही मुलगी सापडतच नाही. आपण मुलांना मध्य शिकवताना सांगतो, की आकड्यांचा विस्तार फार मोठा असेल तर मध्यावर विसंबू नये. वर्गात मात्र आपण मुलांचे मध्यच काढत बसतो. बुद्धीमुळे अडचण झाकली जाते आणि अडचणीमुळे बुद्धी झाकली जाते, आणि दोन्ही झाकलेले मूल बाहेरून एक साधारण, जरा विसराळू, जरा ‘मनावर न घेणारे’ मूल दिसते. इंग्रजीत अशा मुलांना ‘ट्वाइस एक्सेप्शनल’ म्हणतात. मराठीत आपल्याकडे त्यांच्यासाठी शब्द नाही, फक्त शेरा आहे.

यातली खंत अशी, की या दोन्ही विषयांत महाराष्ट्राने इतरांच्या आधी विचार केलेला आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी स्वातंत्र्यापूर्वीच बेतून दिली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वेश्लर यांच्या चाचणीवर आधारलेली, भारतीय मुलांसाठीची मॅलिन यांची चाचणी १९६९ साली नागपुरातून आली आणि ती आजही वापरली जाते. बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार करून डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी उभी केली. दुसऱ्या बाजूला, अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक देण्याची व्यवस्था आपल्या राज्यात १९९० च्या दशकातच सुरू झाली. प्रज्ञेचा एक रस्ता आणि अडचणीचा दुसरा रस्ता, दोन्ही आपण बांधले. मात्र ज्या मुलाला दोन्ही रस्त्यांवरून एकाच वेळी चालायचे आहे, त्याच्यासाठी चौक बांधला नाही.

आमचा अनुभव याच रस्त्यांवरचा आहे. जादा वेळेसाठी लागणारे प्रमाणपत्र मागायला आम्ही एका केंद्रात गेलो, तेव्हा प्रगतिपुस्तक चाळून तेथील अधिकारी म्हणाले, ‘मॅडम, ८४ टक्के आहेत. हिला कसली अडचण?’ त्या ८४ टक्क्यांसाठी रोज रात्री साडेअकरापर्यंत शेजारी एक माणूस बसलेला होता, सकाळी दप्तर दुसरे कोणी भरत होते, आणि परीक्षेच्या आठवड्यात मुलीच्या पोटात दुखत होते, हे प्रगतिपुस्तकात लिहिलेले नसते. त्याच वर्षी शाळेने गणित ऑलिम्पियाडच्या तयारीचा वर्ग सुरू केला आणि तिचे नाव यादीतून वगळले, कारण ‘वह्या अपूर्ण असणाऱ्यांना अतिरिक्त उपक्रम नाही’ असा नियम होता. एका दारात ती फार हुशार ठरली आणि दुसऱ्या दारात पुरेशी नीटनेटकी ठरली नाही. (त्या यादीवर निर्णय घेणाऱ्या शिक्षिकेविषयी माझ्या मनात किल्मिष नाही. असाच नियम मी माझ्या शाळेतील विज्ञान मंडळासाठी सुचवला होता आणि तो सहा वर्षे चालू होता.)

आपल्यापैकी काही जणांच्या मनात या टप्प्यावर एक शंका आली असेल आणि ती रास्त आहे. हुशार मूल वर्गात कंटाळले तरी चुळबुळ करते, मध्येच बोलते, वही पूर्ण करत नाही. मग प्रत्येक कंटाळलेल्या मुलावर वैद्यकीय शिक्का मारायचा काय? मुळीच नाही, आणि तशी चूकही होते. फरक ओळखायची एक खूण मला अनुभवातून सापडली आहे, ती निदानाची जागा घेऊ शकत नाही, पण निरीक्षणाला उपयोगी पडते. केवळ कंटाळलेल्या मुलाला त्याच्या तोडीचे काम दिले, की बहुतेक तक्रारी विरतात. माझ्या मुलीला तिच्या तोडीचे काम मिळाले, तेव्हा काय झाले ते सांगते. गणित ऑलिम्पियाडच्या पहिल्या पात्रता परीक्षेत ३ तासांत ३० प्रश्न असतात, उत्तर ०० ते ९९ यांमधील पूर्णांक असते आणि ते ओएमआर पत्रिकेवर वर्तुळे भरून नोंदवायचे असते. पायऱ्या नाहीत, शुद्धलेखन नाही. जणू तिच्यासाठीच काढलेली परीक्षा. आम्ही बाहेरून तयारी करून घेतली, ती आनंदाने बसली, आणि अकराव्या प्रश्नापासून उत्तरपत्रिकेवर तिची एक ओळ खाली सरकली. आव्हान होते, आवड होती, आणि तरीही ओळ सरकली. बुद्ध्यंक १२० किंवा त्याहून अधिक असलेल्या मुलांमध्येही एडीएचडीचे निदान खरेच अर्थपूर्ण ठरते काय, हा प्रश्न अमेरिकेत केविन अँटशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली तपासला होता आणि उत्तर होकारार्थी आले होते. बुद्धी ही या अडचणीवरची लस नाही.

त्याच वर्षी फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमा पाहून दाखवले, की मेंदूच्या बाह्यकाची जाडी इतर मुलांमध्ये साधारण साडेसात वर्षांच्या सुमारास कमाल होते, ती एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साधारण साडेदहाव्या वर्षी होते, आणि हा विलंब नियोजन व संयम सांभाळणाऱ्या कपाळामागील भागात अधिक ठळक होता. एका अभ्यासावरून प्रत्येक मुलाचे वय मोजू नये हे खरे, परंतु वर्गात उभे राहून विचार करताना मला याचा फार उपयोग झाला. मोठ्यांसारखे प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडून आपण मोठ्यांसारखी आवराआवरही गृहीत धरतो, आणि ती जमली नाही की तिला उद्धट किंवा बेफिकीर समजतो.

आणखी एक गोष्ट पालकसभेविषयी. हा कल मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असतो. डायरीवर सही करायला विसरणारे, सभेची तारीख चुकवणारे, फीची पावती तिसऱ्यांदा मागणारे वडील पाहिले, की ‘जसे पालक तसे मूल’ असे आपण शिक्षकखोलीत कुत्सितपणे म्हणतो. ते वाक्य आपल्या समजुतीपेक्षा अधिक खरे असते. माझ्या यजमानांनी मुलीचा अहवाल वाचून बराच वेळ काही बोलणे टाळले आणि मग स्वतःची दहावीची गुणपत्रिका काढून माझ्यासमोर ठेवली.

कायद्याविषयी थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या अनुसूचीतील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचे नाव स्वतंत्रपणे नाही. सोबत डिसग्राफियासारखी, म्हणजे लेखनातील, अडचण असेल तर मुलाला वाट मिळते, नसेल तर पालक एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरत राहतात. ही उणीव संसदेने दूर करायची आहे, आपण नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु फेब्रुवारी २०२१ मध्ये विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवाराला लेखनिक देण्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट लावता येणार नाही, आणि वाजवी सोय करून देणे हा समानतेचाच भाग आहे. आपण मात्र या सोयीला ‘सवलत’ म्हणतो. सवलत हा शब्द एस.टी.च्या तिकिटाला शोभतो. जे द्यायला हवे त्यातून काही सूट दिली असा त्याचा अर्थ होतो. जादा वेळ मिळालेल्या मुलीला प्रश्न तेच सोडवायचे असतात, एकही गुण सोडून दिलेला नसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० याने विशेष प्रज्ञा असलेल्या मुलांना नेहमीच्या अभ्यासक्रमापलीकडे नेण्यास सांगितले आहे आणि बी.एड. मध्ये अशा मुलांच्या शिक्षणाचे विशेषीकरण ठेवता येईल असेही म्हटले आहे. ते विशेषीकरण येईल तेव्हा येवो.

तोवर जे आपल्या हातात आहे, तेवढेच मी मागते. नववीपर्यंतच्या घटक चाचण्या आणि सत्र परीक्षा शाळाच घेते. त्यांत तज्ज्ञांच्या अहवालाच्या आधारे जादा वेळ देण्यासाठी मुख्याध्यापकांनी आपला अधिकार वापरावा आणि ‘वरून पत्र आणा’ असे सांगू नये. सूचना तोंडी देण्याबरोबर फळ्याच्या कोपऱ्यात लिहाव्यात. तीन आठवड्यांच्या प्रकल्पाला एकच तारीख न देता तीन तारखा द्याव्यात, कारण दूरची तारीख या मुलांना दिसतच नाही. पायऱ्यांच्या गुणांचा आग्रह मी गणिताची शिक्षिका म्हणून सोडणार नाही, पण निदान तोंडी परीक्षेत मुलाला पायऱ्या सांगू द्याव्यात आणि त्यांचे गुण द्यावेत. औषध चालू आहे की नाही, ते घ्यावे की सोडावे, याविषयी वर्गात किंवा पालकसभेत कोणीही मतप्रदर्शन करू नये. ते डॉक्टर आणि कुटुंब ठरवतील. वर्गाबाहेर उभे करणे आणि चारचौघांत पाणउतारा करणे तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नेच निषिद्ध आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

एका मुद्द्यावर मात्र मी अडून बसणार आहे. मुलाचे जे बलस्थान आहे, ते शिक्षा म्हणून काढून घेऊ नये. वही अपूर्ण आहे म्हणून ऑलिम्पियाडच्या वर्गातून, रोबोटिक्सच्या गटातून, नाटकातून किंवा खेळाच्या तासातून मुलाला काढणे म्हणजे दिवसभरातील ज्या एका तासात त्याला स्वतःविषयी बरे वाटते, नेमका तोच तास रद्द करणे होय. वहीचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे मी सहा वर्षे तो नियम राबवून पाहिलेले आहे. विज्ञान मंडळातून मी ज्या मुलांना वगळले, त्यांच्यापैकी एकाचीही वही त्यानंतर पूर्ण झाल्याचे मला आठवत नाही. त्यांपैकी एक मुलगा मंडळाच्या दिवशी शाळा सुटल्यावरही प्रयोगशाळेच्या दाराशी रेंगाळत असे, आणि मी त्याला घरी जायला सांगत असे.

जूनमध्ये तुकड्या बदलतात, वर्गशिक्षक बदलतात आणि मुलाविषयी मागच्या वर्षी जे कळले ते पुन्हा शून्यापासून सुरू होते. यासाठी मी गेल्या वर्षीपासून माझ्या वर्गातील अशा मुलांच्या पुढील वर्गशिक्षकांना, पालकांच्या संमतीने, अर्धे पान लिहून देते. त्यात निदान लिहीत नाही, टक्केवारी लिहीत नाही. एका मुलाविषयी लिहिलेला मजकूर नमुन्यादाखल देते. आपल्या शाळेत उपयोगी वाटल्यास जरूर वापरावा : ‘तोंडी विचारल्यास बरोबर सांगतो. एका वेळी एकच सूचना द्यावी. खिडकीजवळ आणि मागच्या बाकावर बसवू नये. घाई केल्यास अडखळतो. जादा पेन माझ्याकडून घ्यावे, मी कपाटात ठेवले आहे. भूमितीत पुस्तकातल्यापेक्षा वेगळी सिद्धता देतो, ती शेवटपर्यंत ऐकावी.’

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक गणित-शिक्षिका आणि आई